आईच्या वहीतलं लाल औषध

मला तेराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर झाला. केमोच्या सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, आणि नंतर मानेला व छातीला शेक, म्हणजे रेडिएशन. अठरा पूर्ण झाली तेव्हा मुलांच्या विभागात सांगितलं, ‘आता तू बरी आहेस, यायची गरज नाही.’ त्या दिवशी घरी आल्यावर आईने फाईल कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे सरकवून दिली. पुढची सात वर्षं तिला कोणी हात लावला नाही.

पंचविशीत सारखा थकवा येऊ लागला. केस गळायचे, भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. कामाचा ताण असेल म्हणून मी सहा महिने तसेच काढले. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम मंदावलं की वाढणारं संप्रेरक, बरंच वाढलेलं निघालं. मान तपासताना डॉक्टरांचं बोट गळ्याखालच्या हाडाजवळ थांबलं. तिथे टाचणीच्या टोकाएवढा निळसर ठिपका आहे, शेक नेमका त्याच जागी बसावा म्हणून गोंदलेला. “इथे रेडिएशन घेतलंय का?” त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर पुढचे प्रश्न आले: किती ग्रे, म्हणजे शेकाची मात्रा किती? केमोतलं लाल औषध एकूण किती मिळालं? ब्लिओमायसिन हे केमोचं औषध होतं का?

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. स्वतःच्याच आजाराबद्दल मला ‘केमो झाली’ याच्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

थायरॉइडची गोळी त्यांनी लगेच सुरू केली. बाकीसाठी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्या दीर्घकालीन तपासण्या जिथे होतात तिथे जा, आणि जाताना उपचारांचा पूर्ण तपशील घेऊन जा, असं सांगितलं. तो तपशील गोळा करण्यात तीन महिने गेले. फाईलमध्ये डिस्चार्जचे कागद होते, पण दोन सायकलचे औषधांचे तक्ते गायब. रेकॉर्ड विभागात दोन फेऱ्यांनंतर कळलं की इतकं जुनं आता सापडणार नाही. शेकाचा तपशील मात्र रेडिएशन विभागाने स्वतःकडे वेगळा ठेवला होता, तो एका दुपारी हातात आला. हे आधी कळलं असतं तर बऱ्याच फेऱ्या वाचल्या असत्या. शेकाची नोंद नेहमी त्याच विभागात जाऊन मागावी.

आई या सगळ्याच्या विरोधात होती. “बरी झालीस ना? मग कशाला खपली काढतेस?” तिच्या मनात तपासणी म्हणजे आजार परत आलाय का ते बघणं. मी तिला समजावत राहिले की गाठ शोधायला नाही चाललोय, औषधांनी शरीरात मागे काय ठेवलंय ते बघायला चाललोय. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने एक वही माझ्यासमोर ठेवली. रोजचं तापमान, रक्तपेशींचे काउंट, उलट्या, सगळं त्यात पेन्सिलने लिहिलेलं. आणि प्रत्येक सायकलला एक ओळ: ‘सातवा दिवस. लाल ४६.’

लाल म्हणजे डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध. ते चढवलं की लघवी लाल व्हायची आणि मी घाबरून आईला हाक मारायचे. ४६ म्हणजे मिलिग्रॅम. हरवलेल्या दोन्ही सायकलच्या ओळी वहीत होत्या.

दीर्घकालीन तपासण्यांच्या नव्या डॉक्टरांनी माझी तेव्हाची उंची आणि वजन धरून हिशेब मांडला: शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरला एकूण २१० मिलिग्रॅम लाल औषध, आणि शेक २१ ग्रे. “हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि शेकही छातीवरच पडलाय. एकेकटं असतं तर वेगळं, दोन्ही मिळून धोका वाढतो. दर दोन वर्षांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायची, त्रास नसला तरी.” इजा झाली तर ती बरीच वर्षं मुकाट राहते, म्हणूनच हा आग्रह. पुढे गरोदर राहायचं ठरवलं तर त्याआधीही इको हवा.

छातीला शेक बसल्यामुळे स्तनांची तपासणीही लवकर सुरू करायची होती. पंचविसावं वर्ष किंवा शेकानंतर आठ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी. म्हणजे माझी वेळ होऊन गेली होती. ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांची एक चाचणी झाली, आणि कोणतंही ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना या औषधाबद्दल आधी सांगायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

ही यादी कोणी अंदाजाने केलेली नाही. १९९४ साली अमेरिकेत आणि कॅनडात चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी हा लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांचा अभ्यास सुरू झाला. १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या आणि त्यानंतर किमान पाच वर्षं जगलेल्या हजारो मुलांची माहिती त्यात प्रथम जमवली गेली. आमच्यासारख्यांना पुढे काय होतं, याची बरीचशी माहिती अशा अभ्यासांतून आली. मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या चिल्ड्रेन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपची या तपासण्यांबाबतची मार्गदर्शक सूत्रं २००३ पासून आहेत. तरीही मला अठराव्या वर्षी एक ओळ लिहून मिळाली नाही, याचं आजही वाईट वाटतं. औषधांची नावं, एकूण मात्रा, शेकाची जागा आणि पुढच्या तपासण्या एवढं एका पानावर मावतं. उपचार संपतील त्याच दिवशी ते पान मुलाच्या घरच्यांकडे द्यायला हवं, आणि मूल मोठं झालं की त्याच्याशी बसून वाचायला हवं.

इकोच्या दिवशी आई सोबत आली. छातीवर गार जेल लागलं आणि पडद्यावर हृदयाची झडप उघडमीट करताना दिसली. आई खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली आणि शेवटपर्यंत तिथेच बघत होती. रिपोर्ट चांगला आला, हृदयाचं पंपिंग ५८ टक्के, म्हणजे व्यवस्थित.

ते एक पान आता माझ्या फोनमध्ये आहे, एक प्रत आईकडे आहे. बीजकोशांची तपासणी अजून केलेली नाही. सायक्लोफॉस्फामाइड या केमोतल्या औषधामुळे पाळी लवकर जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी एएमएच ही बीजकोशांतल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी सुचवली आहे. त्याचा विचार करायला मी थोडा वेळ मागून घेतलाय. पुढची भेट मार्चमध्ये आहे.