तीन खुर्च्यांचा संच

शनिवार, रात्री उशिरा

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटला गेलो होतो दिव्याची काच शोधायला. काच राहिली बाजूला. एका दुकानाबाहेर थेटरच्या खुर्च्या मांडलेल्या, तीन, एकाच लोखंडी पट्टीवर. बसताना पाट खाली करायचा, उठलं की खाडकन वर. हातावरचं लाकूड घामाने काळं पडलेलं. पाटाखाली ब्लेडने कोरलेला बदाम, आणि सांध्यात ढेकणांचे ते ओळखीचे काळे ठिपके. बसून बघितलं आणि एकदम कसंतरीच झालं. दुकानदार म्हणाला, तोडून देणार नाही, तिन्ही घ्या. आम्ही जायचो चौघं. असो.

पण वाईट नक्की कशाचं वाटलं? आमच्या गावचं टॉकीज मला कधी आवडलंच नव्हतं. पंखे पिक्चरपेक्षा मोठ्याने बोलायचे. मुतारीचा वास थेट पुढच्या रांगांपर्यंत. मशीनमधली कार्बनची कांडी जळत आली की पडदा पिवळा पडायचा आणि पब्लिक ऑपरेटरच्या आईबहिणीवर यायचं. आता तिथे छपराचे पत्रे गेलेत आणि बाल्कनीत कबुतरं आहेत म्हणे. तर मी का उसासे टाकावेत?

येताना टॅक्सी कॅपिटॉलवरून आली. व्हीटीसमोरची ही इमारत १८७९ साली गेइटी नावाचं नाटकगृह म्हणून उभी राहिली, पुढे सिनेमा झाली, आता नुसतीच उभी. ऑपेरा हाऊसचं नशीब बरं, १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ ला परत उघडलं तरी. बाकीच्यांचं काय? थेटर पाडायचं तर नव्या इमारतीतही थेटर ठेवा, असा नियम. मालकाला ते परवडत नाही. मग तो कुलूप लावतो आणि पावसावर सोडून देतो. हेतू चांगला, पण धड जगू देत नाहीत, धड मरू देत नाहीत. (हे मी थेटरबद्दलच लिहितोय.)

तरी वाईट वाटण्याचं कारण मिळालं नाहीच. ताण देऊन बघितला. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा, की दुसरं मशीन सुरू. तो ठिपका आठवतो. मध्यंतरातला कागदाच्या पुडीतला शेंगदाणा आठवतो. बाबांचा हात... ते नको आत्ता. पण तिथे पाहिलेल्या एकाही पिक्चरचा शेवट आठवेना. एकाही! म्हटलं, संपलं. इमारत गेली, बाबा गेले, आता डोकंही चाललं. तासभर स्वतःची चांगली कीव करून घेतली. जेवणही गेलं नाही.

शेवटी न राहवून ताईला फोन लावला. आधी ती खुर्च्यांच्या किमतीवर हसली. मग म्हणाली, "अरे, शेवट आठवेल कसा? मध्यंतरातले दाणे संपले की तू झोपायचास. दर वेळी. बाबा खांद्यावर टाकून आणायचे घरी, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तूच सगळ्यांना स्टोरी सांगायचास."