म्यानात अडकलेला बिचवा

कोल्हापुरात जुन्या वस्तूंच्या जतनाचे काम करताना तलवारी पुष्कळ हाताखालून जातात; अंगावर लपवून बाळगायचे छोटे शस्त्र मूळ म्यानासकट येणे मात्र दुर्मीळ, कारण पाते पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि चामडे कुजून जाते. म्हणूनच शुक्रवार पेठेतील एका वयस्कर गृहस्थांनी फडक्यातून म्यानासह बिचवा काढला, तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवले. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीमुळे हे शस्त्र प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. पण ते रोज कसे बाळगले जाई, हे सांगणारा पुरावा सहसा हाती लागत नाही.

दुहेरी बाक असलेले पाते गंजून आत घट्ट बसले होते. गृहस्थ मुठीच्या कड्यात बोटे घालून ओढू लागले. “ओढू नका काका, चामडं फाटेल,” असे म्हणत मी त्यांना थांबवले. म्यानाच्या पाठीमागची शिवण आधीच उसवली होती. तिचे उरलेसुरले कुजके टाके कापून मी चामडे हळूहळू उघडले.

“आमच्यात हे बाहीत ठेवायचे,” काका सांगत होते. म्यान मात्र वेगळेच सांगत होते. त्याची एक बाजू कमरेच्या गोलाईप्रमाणे वळलेली आणि घासून गुळगुळीत झालेली होती, मागची पट्टी तिरकी शिवलेली होती आणि पात्याच्या नेमक्या त्याच अंगाला गंजाने खोल खड्डे पाडले होते. घामातले मीठ लोखंड असेच खाते. निदान हा बिचवा तरी शेल्याखाली, अंगालगत खोचला जात असे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

गंज कोरडाच खरवडून मी पात्यावर मेणाचा पातळ थर दिला. यापुढे पाते म्यानात घालू नये, हे काकांना पटवणे अधिक कठीण गेले. चामडे ओल धरून ठेवते, कमावताना वापरलेल्या सालींचा आम्लांश त्यात राहतो आणि आपल्याकडच्या आषाढात ही जोडी पाते पुन्हा गंजवते. शिवाय लोखंडाला जितकी कोरडी हवा मानवते, तितक्या कोरड्या हवेत चामडे तडकते.

“मग खंडेनवमीला हळदकुंकू?” त्यांनी विचारले. पात्याला नको, शेजारी सुपारी मांडून तिला वाहा, असे मी सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले.