तुम्ही विचारलंत म्हणून: लिथुआनियाला चीनशी पंगा घ्यायची काय गरज होती?

हा प्रश्न मला विचारला नाही असा नातेवाईक आता उरलेला नाही. मिरजेचे काका, पुण्यातल्या सोसायटीतले निवृत्त साहेब, मी राहते त्या व्हिल्नियसला, लिथुआनियाच्या राजधानीत, नव्यानं शिकायला आलेली आपली मुलं, आणि मुंबईतला एक क्लिअरिंग एजंट, ज्याला निदान विचारायचा अधिकार तरी होता. शब्द इकडचे तिकडे, मुद्दा तोच. 28 लाखांचा देश. पुणे महापालिकेच्या हद्दीत 2011 च्या जनगणनेलाच याहून जास्त माणसं होती. आणि हे निघाले चीनला शिंगावर घ्यायला! लहान तोंडी मोठा घास. वर एक हसू. त्या हसण्याला मी आजवर कधी चिडून, कधी आकडे फेकून, कधी विषय बदलून उत्तर दिलंय. आता एकदा नीट सांगते.

काय घडलं ते तुम्ही वाचलेलं असतंच. मे 2021 मध्ये लिथुआनिया चीनच्या ‘17+1’ गटातून, म्हणजे चीन आणि मध्य-पूर्व युरोपातले देश यांच्या गटातून, बाहेर पडला. चीन तैवानला आपलाच भाग मानतो, म्हणून परदेशात तैवानच्या कार्यालयांवर सहसा त्याच्या राजधानीचं, ‘ताइपेइ’चं, नाव असतं. नोव्हेंबरात व्हिल्नियसमध्ये तैवानचं कार्यालय उघडलं आणि पाटीवर नेहमीच्या ‘ताइपेइ’ऐवजी ‘तैवान’ आलं. चीननं राजदूत ऑगस्टमध्येच माघारी बोलावला होता. आता संबंधही एक पायरी खाली आणले. डिसेंबरात इथले उरलेसुरले अधिकारी बीजिंग सोडून आले.

आधी रागाचं बोलून घेते. 2024 मध्ये मुंबईतही तैवाननं कार्यालय उघडलं. पाटीवर ‘ताइपेइ’च आहे, तरी चीननं निषेध नोंदवला. तेव्हा काकांना कुणी विचारलं का, की तुम्हाला हवंय कशाला हे नसतं लचांड? नाही विचारलं. 140 कोटींच्या देशानं केलं की ते परराष्ट्र धोरण, 28 लाखांनी केलं की आगाऊपणा. स्वतःचं मत ठेवायला किमान किती कोटी माणसं लागतात, तो आकडा तरी एकदा सांगून टाका.

झालं. आता खरं सांगते. डिसेंबर 2021 मध्ये मी स्वतः आईला फोनवर हेच म्हणाले होते, याहून वाईट शब्दांत.

मी इथल्या एका लेसर कंपनीत निर्यातीचे कागद बघते. मोबाइलची काच कापायला, डोळ्यांच्या ऑपरेशनला, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना लागतात तसले लेसर. व्हिल्नियसमध्ये अशा कंपन्या डझनावारी आहेत. विद्यापीठातलं लेसरवरचं काम 1966 पासूनचं, सोव्हिएत काळातलं. आणि या धंद्याला चीन हे मोठं गिऱ्हाईक.

नोव्हेंबरच्या शेवटी आमचा एक क्रेट विमानानं गेला. प्लायवूडची पेटी, आत फोमचे जाड थर, मधे यंत्र. बाहेरून धक्का बसला तर लाल होणारा स्टिकर, आत तापमान नोंदवणारा काडेपेटीएवढा लॉगर. पाणी काढून टाकलं तरी नळ्यांत थोडं राहतंच, त्यामुळे गोठणबिंदूखाली ठेवायचं नाही, असं पेटीच्या चारही बाजूंना छापलेलं. माल तिकडच्या विमानतळाच्या गोदामात पोचला आणि एजंटचा मेसेज आला: ‘मूळ देश’ या रकान्यात तुमचा देश सापडत नाहीये. मला वाटलं, स्पेलिंग चुकवलं असणार. मी कोड पाठवला. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. यादीत लॅटव्हिया होता, एस्टोनिया होता, लायश्टेनश्टाइनसुद्धा होतं. लिथुआनिया नव्हता.

पुढच्या दोन दिवसांत कळलं की सगळ्यांचंच तसं झालंय. लाकूडवाले, दूधवाले, फर्निचरवाले, सगळे. हुकूम नाही, परिपत्रक नाही. बीजिंगचं म्हणणं, आम्ही कसलीही बंदी घातलेली नाही. बंदी असती तर तिच्याविरुद्ध अर्ज करता आला असता. जी नाहीच तिच्याविरुद्ध कुठल्या खिडकीवर उभं राहायचं? काही दिवसांनी नाव यादीत परत आलं. क्रेट जागचा हलला नाही.

तिकडच्या कंपनीत खरेदी बघणारी जी बाई होती तिच्याशी माझं चांगलं जमायचं. दिवाळीला मी तिला फराळाच्या ताटाचा फोटो पाठवायची. तिनं फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, तुमचं जर्मनीत विक्री कार्यालय आहे ना? मग कागदावर जर्मनी लिहून टाक. ती वाईट मनानं म्हणत नव्हती, तिची स्वतःची लाइन बंद पडली होती. मी साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर न करता ‘नाही’ म्हटलं. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, हे मलाही माहीत होतं. तरी मी विचारायला गेले होते.

खरा फटका त्यानंतर आला, आणि तो जर्मनीतून. तिथल्या एका ग्राहकाला आम्ही सुटे भाग द्यायचो. त्यांचं अख्खं यंत्र चीनला जायचं. त्यांची ईमेल अगदी सभ्य होती: तुमच्या देशात बनलेला कुठकुठला भाग आमच्या यंत्रात आहे त्याची यादी द्यावी. कशासाठी ते लिहिलेलं नव्हतं. गरजही नव्हती. थेट चीनला जाणारा माल म्हणजे लिथुआनियाच्या निर्यातीचा जेमतेम 1 टक्का, असं नेते टीव्हीवर सांगून लोकांना धीर देत होते. आकडा खरा होता. फक्त दुसऱ्यांच्या मालाच्या पोटात बसून जाणाऱ्या मालाची मोजदाद त्यात नव्हती.

जानेवारीत कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणाले, काही करारांचं नूतनीकरण होणार नाही. कोणाचे ते सांगितलं नाही, पण तिथं बसलेल्या प्रत्येकाला अंदाज होता. आमच्याकडे आरसे जुळवणाऱ्या एक वयस्कर बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्या म्हणाल्या, 1990 मध्ये आपण सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं म्हणून मॉस्कोनं तेल बंद केलं होतं, गॅस कमी केला होता, नळाला गरम पाणी नव्हतं. तेव्हाही निभावलं, आताही निभावेल.

समोर एक तरुण तंत्रज्ञ होता, नुकतंच घराचं कर्ज घेतलेला. तो उठला आणि म्हणाला, ‘तेव्हा तुम्ही चौकात उभ्या होतात. तुम्हाला हवं होतं ते स्वातंत्र्य, त्याची किंमत तुम्ही मोजलीत. या पाटीबद्दल मला कुणी विचारलं?’ बाई काहीच बोलल्या नाहीत. हे लोक एरवीही कमी बोलतात, पण त्या दिवशीची शांतता निराळी होती. मी कोपऱ्यात, हातात चहा, पोटात गोळा. माझा रहिवासाचा परवाना नोकरीला बांधलेला. मनातून मी त्या मुलाच्या बाजूनं होते. त्याचा करार संपला. माझा राहिला.

मार्चमध्ये क्रेट परत आला. धक्क्याचा स्टिकर पांढराशुभ्र, पण लॉगर उघडला तर तापमानाची रेघ जानेवारीत शून्याखाली गेलेली. आत एक नळी तडकली होती. ते यंत्र पुन्हा जुळवणं हे त्या मुलाचं काम होतं.

म्हणून त्या वेळची मी आईला म्हणत होते, झाकली मूठ ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पाटीवर ‘ताइपेइ’ लिहिलं असतं तरी तैवानला कळलंच असतं की. आजची मी त्या वेळच्या ‘मी’शी भांडते ते असं.

झाकली मूठ या देशानं ठेवून बघितली आहे. ऑक्टोबर 1939 मध्ये सोव्हिएत संघानं पोलंडकडून घेतलेलं व्हिल्नियस लिथुआनियाला परत दिलं आणि बदल्यात 20,000 सैनिक ठेवायला तळ मागितले. लिथुआनियानं दिले. भटाला दिली ओसरी. 14 जून 1940 च्या मध्यरात्री निर्वाणीचा खलिता आला, दुसऱ्या दिवशी रणगाडे आले. एकानंही प्रतिकाराचा आदेश दिला नाही, कुणाला चिथावलं नाही, सगळं शहाण्यासारखं केलं. ऑगस्टपर्यंत देश नकाशावरून गेला तो पुढची 50 वर्षं. इथल्या माणसाला ‘गप्प बसा, लहान आहात’ म्हटलं की त्याला हे आठवतं, आणि ते आठवू नये असं सांगायचा मला तरी अधिकार नाही.

यावर डिसेंबरातली मी गप्प बसत नाही. ती म्हणते, 1990 चं अर्धंच सांगतेस तू. बाईंनीही अर्धंच सांगितलं. गरम पाणी का आलं परत? एप्रिलमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर कोल यांनी मिळून पत्र लिहिलं की जरा थांबा, आणि जूनअखेर लिथुआनियानं स्वातंत्र्याची घोषणा 100 दिवस स्थगित ठेवायचं मान्य केलं. मग नाकेबंदी उठली. म्हणजे वाकले होते. आणि वाकूनही पुढं स्वतंत्र झाले. हे वाकणं घडलं तेव्हा संसदेचे प्रमुख होते व्हिटाउतास लांड्सबेर्गिस; 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री होते त्यांचा नातू गाब्रिएलियुस. आजोबांना 100 दिवसांचा मधला मार्ग चालला, नातवाला पाटीवर का चालला नाही?

याला माझ्याकडे धड उत्तर नाही. अध्यक्ष नाउसेडा यांनी तर जानेवारी 2022 मध्ये जाहीरच सांगितलं की कार्यालय उघडणं चूक नव्हतं, नाव चुकलं, आणि ते नाव आपल्याला विचारून ठरलं नव्हतं. देशाच्या अध्यक्षालाच विचारलं नव्हतं म्हटल्यावर आमच्या तंत्रज्ञाला कोण विचारणार!

‘अमेरिकेनं सांगितलं म्हणून केलं,’ हा काकांचा हुकमी एक्का. सांगितलं होतं का, माहीत नाही; पण अमेरिकेची मर्जी राखणं हा हिशेब होताच, तो नाकारण्यात काय अर्थ आहे? रशियाचा दोस्त असलेल्या बेलारूसची हद्द व्हिल्नियसपासून सुमारे 30 किलोमीटर, पुण्याहून देहू जेवढं तेवढं. पलीकडच्या बाजूला रशियाचं कालिनिनग्राद. अशा ठिकाणी राहणाऱ्याला चीनची नाराजी परवडते, अमेरिकेची परवडत नाही. मिरजेत बसून हा हिशेब वेडेपणाचा वाटतो. रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्या 24 फेब्रुवारी 2022 च्या सकाळी ट्रॉलीबसमध्ये तो मला तसा वाटला नाही. त्या बसमधले सगळे मोबाइलकडे बघत होते, आणि मीही आईला फोन करून युक्रेनपासून व्हिल्नियस किती लांब आहे ते खोटं खोटं वाढवून सांगत होते.

‘तैवाननं काय दिलं?’ 20 कोटी डॉलरचा गुंतवणूक निधी, 1 अब्ज डॉलरचा कर्जनिधी जाहीर केला. चीनला निघालेल्या रमच्या 20,000 बाटल्या विकत घेतल्या, ही बातमी तुम्हा सगळ्यांना बरोबर पाठ असते. आमच्या क्रेटला गिऱ्हाईक तैवानात मिळालं नाही. युरोपीय संघानं जानेवारी 2022 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली; दोन वर्षांनी ती स्थगित केली आणि जानेवारी 2025 मध्ये ती आपोआप संपली. निकाल नाही. पत्रच नसलेल्या बंदीचा पुरावा काय देणार?

दरम्यान 2024 च्या निवडणुकीत सरकार बदललं आणि तेव्हाचे नवे पंतप्रधान पालुकस म्हणाले की चीनशी राजदूत पातळीवरचे संबंध पुन्हा हवेत. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. पाटी उतरवून गिऱ्हाईक परत येणार असतील तर मग त्या मुलाची नोकरी गेली ती कशासाठी?

तो मुलगा आता परत आमच्याकडेच आहे. युद्धामुळे संरक्षणाच्या ऑर्डरी आल्या, माणसं कमी पडली, त्याला बोलावलं. 2027 पर्यंत इथं जर्मनीची सुमारे 5,000 माणसांची ब्रिगेड उभी राहणार आहे. ते त्याला पटतं, त्यासाठी कर वाढला तरी चालेल म्हणतो. पाटीचं मात्र अजून पटत नाही. निवृत्त झालेल्या बाई अधूनमधून कंपनीत येतात आणि पाटी उतरवली तर मी मत द्यायला जाणार नाही म्हणतात. दोघंही मला आपल्या बाजूला ओढतात. मी ज्याच्यासमोर असते त्याच्या विरुद्ध बोलते. काका, तुमच्यासमोर असले की बाईंच्या बाजूनं बोलते, एवढंच.