लाळ परत आणण्यासाठी केलेली धडपड

घशाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपले, गाठ गेली, पण तोंड कोरडं पडलं ते पडलंच. पोळीचा घास वरणात कालवल्याशिवाय खाली उतरत नाही. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, आणि मे महिन्यातल्या नागपुरात तर विचारूच नका.

मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लाळ मोजली. मान खाली घालून बसायचं, गिळायचं नाही, ओठांतून आपसूक गळेल तेवढी नळीत धरायची. माझ्या नळीच्या तळाशी नुसता फेस. मिनिटाला 0.1 मिलीच्याही खाली! कानाजवळच्या पॅरोटिड या लाळग्रंथीला सरासरी 26 ग्रेहून (ग्रे हे रेडिएशनचं माप) जास्त मात्रा गेली की ती सहसा सावरत नाही, असं रेडिएशनच्या डॉक्टरांनी समजावलं.

मग भाच्याने एका सेंटरची जाहिरात दाखवली. पोटाची चरबी काढून तिच्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, लाळग्रंथीत टोचणार, खर्च काही लाख. "मावशी, पैशाचं आम्ही पाहून घेऊ," म्हणाला. जीव हुरळला.

कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं नीट सांगितलं. कोपनहेगनमध्ये 30 रुग्णांवर असाच प्रयोग झाला. 2018 साली निष्कर्ष आले, चार महिन्यांत लाळ सुमारे 50 टक्के वाढली होती. म्हणजे थाप नाही. पण मूळची लाळ इतकी कमी की वाढूनही ती थोडीच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला रुग्णाच्याच लाळग्रंथीतल्या पेशी वाढवून परत सोडतात, मात्र त्या शेक सुरू होण्याआधी काढून ठेवाव्या लागतात. हे ऐकून फार वाईट वाटलं.

आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण आणि मंजुरी मिळालेले मोजके उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या चाचणीतच, देता येतात. ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद हवी, आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी सेंटरला फोन करून नोंदणी क्रमांक मागितला. "मॅडम, ही ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे," असं उत्तर आलं. आजाराने आधीच पिचलेल्या माणसाकडून लाखो रुपये मागताना यांना काहीच कसं वाटत नाही? तिथेच विषय संपवला.

सध्या पिलोकार्पिन हे लाळ वाढवणारं औषध चालू आहे. घाम फार येतो, पण घास थोडा सुटतो. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रोज रात्री दातांना फ्लोराइड जेल लावते, कारण लाळ नसली की दात मुळाशी किडतात. नोंदणी झालेली ट्रायल जवळपास निघाली, तर मला कळवा म्हणून डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे.