स्क्रीनवरून प्राणीशास्त्र शिकताना: माझा अनुभव

मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच, की तू प्राण्यांबद्दल हे सगळं कुठे शिकलीस, कुठला कोर्स केलास का. कोर्स वगैरे काही नाही हो. शिक्षण कॉमर्सचं, शाळा सुटली तसा बायोलॉजीशी संबंध सुटला, नोकरी हिशेबाची. जे काही थोडंफार येतं ते नेटवरून, नोकरी सांभाळून, बहुतेक रात्री घरातलं सगळं आवरल्यावर. ते कसं जमलं ते एकदा सविस्तर लिहून टाकते म्हणजे परत परत सांगायला नको.

सुरुवात सगळ्यांची होते तिथूनच झाली, म्हणजे मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ. त्यात वाईट काही नाही, गोडी तिथूनच लागते. पण ऑक्टोपसला नऊ मेंदू असतात हे इतक्या वेळा ऐकलं की एका रात्री म्हटलं बघूया तरी हे नऊ मोजले कुणी. शोधत गेले तर कळलं की मेंदू एकच आहे, डोळ्यांच्या मधे, पण अंगातल्या साधारण ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश त्याच्या हातांमध्ये असतात, प्रत्येक हातातून चेतापेशींचा एक जाड दोर जातो आणि त्यामुळे हात बरीचशी कामं मेंदूला न विचारता परस्पर उरकतो. (तीन हृदयं मात्र खरी. दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात, एक बाकी शरीराला.) आता मला सांगा, नुसत्या नऊ मेंदूंपेक्षा हे कितीतरी भारी नाही का? मग तेव्हापासून नादच लागला, व्हिडिओत काही भन्नाट दिसलं की ते नीट कुठे लिहिलेलं सापडतंय का ते बघायचं.

त्यासाठी मला सगळ्यात कामाला आली ती ॲनिमल डायव्हर्सिटी वेब नावाची साइट, मिशिगन विद्यापीठाची, १९९५ पासून चालू आहे. दिसायला जुनाट आहे, पण प्रत्येक प्राण्याच्या पानावर ठरावीक मथळे असतात, राहतो कुठे, खातो काय, पिल्लं कशी वाढवतो, आणि वाक्यांच्या मागे संदर्भ दिलेला असतो. नोंदी बऱ्याचशा विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आणि त्यांच्या शिक्षकांनी तपासलेल्या आहेत. मथळे ठरलेले असल्यामुळे दोन टॅब शेजारी शेजारी उघडून दोन प्राण्यांची तुलना करता येते, तरस आणि लांडगा, वटवाघूळ आणि चिचुंद्री, काहीही घ्या. काही पानं खूप जुनी झालीत आणि बऱ्याच प्रजाती नाहीतच तिथे, पण सुरुवातीला एवढं पुरतं. क्रमाने वाचायला ओपनस्टॅक्सचं बायोलॉजीचं फुकट पुस्तक घेतलं, त्यातली पाठीचा कणा नसलेल्या आणि असलेल्या प्राण्यांची प्रकरणं. कोरडं आहे, दोनदा सोडलं आणि परत धरलं, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं वाऱ्यावर गेलं असतं.

कोण कुणाचा नातेवाईक ते सांगणारं झाड बघायचं असेल तर वनझूम ही साइट बघा. सगळ्या सजीवांचं एकच झाड आहे, झूम करत आत आत जायचं, आणि मग दोन तास कुठे गेले ते कळत नाही. फक्त ते वाचायची एक पद्धत आहे, कुठलं पान कुठल्या पानाच्या शेजारी दिसतंय याला काही अर्थ नसतो, फांदी कुठे फुटली ते बघायचं. मगर आणि कावळा यांच्या फांद्या जिथे एकत्र येतात तो फाटा, मगर आणि पाल यांच्या फाट्यापेक्षा अलीकडचा आहे. म्हणजे मगरीला पाल लांबची आणि कावळा जवळचा! तसंच देवमासे थेट खुरवाल्यांच्या फांदीत जाऊन बसतात, आणि आज जिवंत असलेल्यांत त्यांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. मी हे वाचून कितीतरी वेळ नुसती त्या फाट्याकडे बघत बसले होते.

नावांचा भाग कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, निघाला उलटाच. सिंहाचं नाव सगळीकडे पँथेरा लिओ (लिनिअस, १७५८) असं कंसात दिसायचं आणि लांडग्याचं कॅनिस लुपस लिनिअस, १७५८ असं बिनकंसाचं. मला वाटलं टायपिंगची चूक असेल, पण पन्नास ठिकाणी तीच चूक कशी होईल? नियम असा निघाला की ज्याने पहिल्यांदा नाव दिलं (इथे लिनिअस, स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ) त्याने ज्या वंशात (म्हणजे जीनस, नावातला पहिला शब्द) तो प्राणी टाकला होता तिथून तो पुढे दुसऱ्या वंशात हलवला गेला, तर मूळ माणसाचं नाव कंसात जातं. लिनिअसने सिंहाला फेलिसमध्ये टाकलं होतं, म्हणून कंस. लांडगा आजही कॅनिसमध्येच आहे, म्हणून कंस नाही. ही नियमावली नेटवर पूर्ण वाचायला मिळते. आणि १७५८ हे साल इतकं वारंवार येतं कारण लिनिअसच्या सिस्टिमा नॅचुरीची दहावी आवृत्ती त्या वर्षीची, प्राण्यांची अधिकृत नावं तिथून मोजायला सुरुवात होते. ते पुस्तकसुद्धा स्कॅन करून बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत ठेवलंय, फुकट. लॅटिन ओ की ठो कळत नाही मला, पण फेलिसखाली लिओ छापलेलं दिसलं आणि त्या एका कंसाचा उलगडा डोळ्यासमोर झाला.

आता कवट्या. हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे त्यामुळे जरा वाहवत जाईन. डिजिमॉर्फ आणि मॉर्फोसोर्स या साइट्सवर म्युझियममधल्या नमुन्यांचे सीटी स्कॅन आहेत, काही स्क्रीनवरच गोल फिरवून बघता येतात (माझा लॅपटॉप त्या वेळी विमान उडाल्यासारखा आवाज करतो, असो). मांजर आणि कुत्रा दोघांच्या कवट्या उघडा आणि दात मोजा. कुत्र्याचे ४२, मांजराचे ३०. हे आकडे कुठेही वाचायला मिळतात पण फिरवून बघितल्यावर कळतं की फरक पडलाय कुठे. दोघांकडेही वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींवर कात्रीसारख्या सरकतात, मांस कापायला. कुत्र्यात त्या कात्रीच्या मागे आणखी चपट्या दाढा आहेत, चिरडायला, भरडायला. मांजरात कात्रीच्या मागे जवळजवळ काहीच नाही, वर एक इवलीशी दाढ, खाली तीही नाही. मांजर अन्न चघळत का बसत नाही, तुकडे करून गिळून का टाकतं, याचं उत्तर एकही ओळ न वाचता मिळालं. त्यानंतर मी कुठल्याही सस्तन प्राण्याबद्दल वाचायला घेतलं की आधी दात बघते.

पण खरं शिकणं कुठे झालं विचाराल तर ओळख पटवायला बसले तिथे. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, समोर फोटो आला की फे फे उडते. झूनिव्हर्स या साइटवर टांझानियातल्या सेरेंगेटीच्या ट्रॅप कॅमेऱ्यांचे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) फोटो होते, त्यात कोणता प्राणी आहे ते आपण सांगायचं. सुंदर फोटो फार थोडे. बरेचसे नुसतं हलणारं गवत, नाहीतर अर्धी शेपूट, नाहीतर कॅमेऱ्याला नाक लावून उभं कुणीतरी. एकच फोटो बऱ्याच लोकांना दाखवतात आणि सगळ्यांची उत्तरं जुळवतात, त्यामुळे एकट्यावर भार नसतो. तिथे मला थॉमसन आणि ग्रँट या दोन गझेल हरणांनी रडवलं. पोटाच्या बाजूची काळी पट्टी बघायची असं सांगतात, थॉमसनला ती ठळक असते, पण ग्रँटच्या काही हरणांनाही पट्टी असते की! मग कळलं की मागून बघायचं, ढुंगणावरचा पांढरा भाग शेपटीच्या वर चढत असेल तर ग्रँट, खालीच थांबत असेल तर थॉमसन.

आयनॅचरलिस्टवर तर स्वतः काढलेले फोटो टाकायचे. ॲप आपणहून नावं सुचवतं, ते सोयीचं आहे पण त्यातून शिकायला काही मिळत नाही, शिकवतात ती माणसं. एका फुलावर बसलेल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या किड्याचा फोटो टाकला होता, ॲपने फुलमाशी (मधमाशीसारखी दिसणारी माशी, हॉवरफ्लाय) सुचवली, मी तेच ठेवलं. एका जाणकाराने विचारलं, पंख पसरलेला दुसरा फोटो आहे का? होता. मग त्यांनी दाखवलं, पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन असतात. मिशा अगदी आखूड, डोळे डोकंभर. आणि पंखाच्या मधोमध एक शीर जी कुठेच जाऊन मिळत नाही, मधेच संपते, ती जवळपास सगळ्या फुलमाश्यांची खूण. एवढा बारीक फोटो मी काढलाय हे मलाच माहीत नव्हतं. डंख नसलेली माशी डंखवालीचा वेष घेऊन फिरते हे मी आधी वाचलं होतंच, पण तो वेष कुठे कुठे उसवलाय हे त्या दिवशी बघितलं. तेव्हापासून एका किड्याचे तीन फोटो काढते, वरून, बाजूने, तोंडाचा. माश्या आणि कोळ्यांच्या बाबतीत प्रजातीपर्यंत नाव मिळेलच असं धरून चालू नका, पुष्कळदा गाडी वंशावर किंवा कुळावर थांबते आणि जाणकार लोकही फोटोवरून याच्यापुढे सांगता येणार नाही म्हणून मोकळे होतात. घरातला फोटो टाकताना लोकेशन धूसर ठेवायचा पर्याय आहे तो वापरा. धोक्यात असलेल्या प्राण्यांचं लोकेशन साइट स्वतःच धूसर करते.

इंग्रजीची अडचण येते, नाही कशी. मराठी विश्वकोश नेटवर आहे, प्राण्यांच्या नोंदी छान समजतील अशा आहेत, फक्त बऱ्याचशा जुन्या, त्यामुळे डीएनए आल्यानंतर जे वर्गीकरण बदललं ते तिथे शोधू नका. एआयला विचारून बघितलं, अवघड परिच्छेद सोपा करून द्यायला ठीक आहे, पण संदर्भ मागितला की कधी कधी अस्तित्वातच नसलेला शोधनिबंध बिनदिक्कत पुढे करतो, म्हणून असा संदर्भ दिसला की आधी गूगल स्कॉलरवर (गूगलचं शोधनिबंध शोधायचं पान) टाकून बघायचा.

शोधनिबंधांचं म्हणाल तर पुष्कळसे पैशाच्या भिंतीमागे असतात. स्कॉलरवर नावाखाली सगळ्या आवृत्त्यांची लिंक असते, तिथे बऱ्याचदा विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली फुकट प्रत निघते. नाहीच निघाली तर लेखकाला सरळ मेल करा, त्यांचा पत्ता निबंधाच्या पहिल्या पानावर असतो आणि ते पान बहुधा फुकट दिसतं. मी कॉमर्सवाली, मला कोण विचारणार म्हणून बरेच दिवस धीर झाला नव्हता. कोळ्यांवर काम करणाऱ्या एकांना दोन ओळी लिहिल्या, तर त्यांनी मागितलेला निबंध पाठवलाच, वर स्वतःचे आणखी दोन जोडले आणि विचारलं की तुमच्याकडे या वंशातल्या मादीचा खालून काढलेला फोटो आहे का. नव्हता. आता काचेवर कोळी बसला की मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जाते.