आगगाडीचे कामी

वंशावळी शोधून देण्याच्या कामात एक गंमत लक्षात आली आहे. घरात कुणी रेल्वेत असलं, की त्यांचे पूर्वज 1853च्या पहिल्या गाडीवर होतेच! बोरीबंदर-ठाणे गाडीला डबे 14, माणसं 400च्या आसपास. माझ्याकडे आलेले सगळे दावे खरे धरले, तर निम्मे टपावर बसले असावेत.

कल्याणचे काका त्यातलेच. घरात तीन पिढ्या रेल्वे, स्वतः गार्ड म्हणून निवृत्त. "खापरपणजोबा पहिल्या गाडीचे ड्रायव्हर. घ्या लिहून." मी लिहून घेतलं नाही. तेव्हा इंजिनावर गोरे असत.

काकांच्या आजोबांचं सर्व्हिस बुक मिळालं. त्याआधीचं काहीच नाही. सुरुवातीचे मजूर रेल्वेच्या पटावर नव्हतेच. ती कंत्राटदाराची माणसं, त्यातही मुकादमाच्या हाताखालची. बोरघाटाचं काम 1856 ते 1863 चाललं. 25 बोगदे, ऐन कामात 40 हजारांवर माणसं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच वारले आणि पुढचं काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी निभावलं, हे कागदोपत्री सापडतं. मजुरांचा मात्र नुसता आकडा.

म्हणून काकांना घेऊन नाशिक गाठलं. तिथले उपाध्याय यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या वह्यांत ठेवतात. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लाल फडक्यातली वही सोडली. मोडी भरभर लिहिलेली, शाई अजून काळीभोर. शके 1782, म्हणजे 1860-61. खापरपणजोबा स्वतः आले होते, पिंडदानाला. थोरला भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा, तिघांचं. पुढे एवढंच: 'आगगाडीचे कामी, बोरघाटी, पटकीचे उपद्रवाने.' घाटात कॉलऱ्याने कहर केला, तो याच सुमाराला.

मी वाचून दाखवलं. काका गप्प. मग म्हणाले, "भावजयसुद्धा कामावर होती?"

घाटात बायकाही राबल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. तरी 'हो' म्हणवलं नाही. वहीत तेवढं लिहिलेलं नव्हतं.

"कर्जतला घाट चढायला मागे ढकलणारं इंजिन, बँकर, लागेपर्यंत माझा वडा खाऊन व्हायचा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "इतकी वर्षं."

उपाध्यायांनी वही पुढे सरकवली. काकांनी मुलांची, नातवंडांची नावं लिहिली, सही केली आणि विचारलं, "थोरल्या घरचं पुढे कुणी येऊन गेलंय?"

उपाध्यायांनी पानं चाळली. कुणीच नव्हतं.

काकांनी पेन खिशाला लावलं आणि सदऱ्याची बटणं सोडायला घेतली. "तिघांचं सामान मांडा, गुरुजी."