बाबांची कंबर

आज बाबांच्या डायलिसिसचे चार तास बाहेरच्या बाकावर बसून एकच हिशेब करत होतो. तीन आठवडे. तीन आठवडे ते "कंबर धरलीय रे" म्हणत होते आणि मी बाम चोळून देत होतो. आठवड्यातून तीनदा एका जागी पडून राहिल्यावर होणारच, असं वर समजावतही होतो. शहाणा मी!

झोपल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं. तिथेच खरं तर शंका यायला हवी होती. पण ताप नव्हता ना! डॉक्टर म्हणाल्या, डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, ताप येईलच असं नाही. एमआरआयमध्ये दिसलं की दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती, सगळीकडे इन्फेक्शन. जंतू बहुधा मानेतल्या कॅथेटरमधून, म्हणजे डायलिसिससाठी बसवलेल्या नळीतून, रक्तात शिरले आणि मणक्यात जाऊन बसले. ब्लड कल्चरमध्ये निघाला स्टॅफिलोकॉकस, एरवी आपल्या कातडीवर सुखाने नांदणारा.

आता निदान ६ आठवडे अँटिबायोटिक. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ते इंजेक्शन डायलिसिसच्या वेळीच देतात, वेगळी सुई नको. कॅथेटर बदललं. पायांत ताकद आहे, म्हणून ऑपरेशन तूर्त टळलंय. हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून केलेली वाट, तयार झाला की मानेतली नळीही जाईल. त्यासाठी बाबा रोज सकाळी स्पंजचा चेंडू दाबत बसतात.

घरी येताना रिक्षावाल्याला म्हणाले, "खड्डे चुकवत घे राजा, मणका भाड्याचा आहे."